पहिल्या चार मिनिटांतला अंधार

चि. खारूताई हिला मामाचे आशीर्वाद. पाकिटात मावले तेवढे पाठवतो आहे, उरलेले समक्ष.

तू खुशाल आहेस असं धरून चालतो, कारण नसलीस तरी तू कळवणाऱ्यांतली नाहीस (हे तुझ्या रक्तातच आहे, तुझ्या बाबांनी तीन दात काढून घेतल्याचं आम्हाला दोन दिवसांनी कळलं होतं, तेही ते चुकून हसले म्हणून). डोंगरात थंडी मरणाची असेल. तू कॅमेऱ्याला पांघरूण घालून स्वतः कुडकुडत उभी राहतेस, असं तुझ्या ऑफिसातली मुलगी सांगत होती. कॅमेरा दुरुस्त करून मिळतो, छाती मिळत नाही. कानाला काहीतरी गुंडाळून हिंडत जा. हा पत्ता तिनेच दिला. म्हणाली, तिथं फोन लागत नाही, पण सामानाची गाडी रोज जाते, पत्र दिलंत तर दुसऱ्या दिवशी हातात पडेल. मला तेच बरं. फोनवर मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो आणि तुला फोन ठेवायला लागत नाही.

माझी तब्येत ठणठणीत आहे. दोन्ही गुडघे, डावा कान आणि गेल्या आठवड्यापासून उजवा खांदा एवढं सोडलं तर बाकी माणूस नवाकोरा आहे. तुझ्या बाबांचं मात्र तसं नाही. साखरेने दोन वर्षांपूर्वी त्यांचे डोळे नेले, हे तुला कोणाकडून तरी कळलं असेल. आता मूत्रपिंडांची पाळी आहे. अकरा दिवस झाले, दवाखान्यात आहेत. परवा मोठ्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात नेलं (डॉक्टर व्हरांड्यात नेतात तेव्हाच समजावं, चांगली बातमी ते खाटेपाशी, चार लोकांना ऐकू जाईल अशी सांगतात) आणि म्हणाले, घरच्यांना बोलावून घ्या. मी म्हटलं, मी आलोय की. म्हणाले, आणखी कोणी? मी म्हटलं, एक मुलगी आहे, पण पाच वर्षं बापलेकीचं बोलणं नाही. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, मग या आठवड्यात बोलून घेऊ द्या.

हे एका ओळीत कळवता आलं असतं, मला समजतं. पण तुमच्या त्या अबोल्यात माझा एक गुन्हा अडकलेला आहे, निदान गेल्या सोमवारपर्यंत माझी तशी समजूत होती, आणि गुन्हा काही एका ओळीत बसत नाही. तेव्हा एखाद्या दगडाआड, वारा लागणार नाही अशी बैस आणि वाच.

तू कॅमेऱ्याचं रीतसर शिकलीस. मी अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस. एकतीस वर्षं थिएटरच्या केबिनमध्ये मशीन चालवलं, आणि त्या कामाची गंमत अशी की खेळ सुरू झाला की पहिली काही मिनिटं ऑपरेटरने भिंतीतल्या भोकाला डोळा लावून उभंच राहायचं. चित्र स्वच्छ आहे का, चौकटीत नीट बसलं आहे का, कडा कापल्या जात नाहीत ना, हे बघायचं. ते एकदा जमलं की पाठ फिरवायची आणि आधीच्या खेळाची रिळं उलटी गुंडाळत बसायचं, ते खेळ संपेपर्यंत. त्यामुळे माझ्या डोक्यात हजारभर सिनेमे आहेत आणि त्यातल्या एकाचाही शेवट मला माहीत नाही. खाली डोअरकीपर असलेल्या तुझ्या बाबांचं बरोबर उलटं. सुरुवातीला त्यांची बॅटरी उशिरा येणाऱ्यांच्या पायांपाशी, डोळे तिकिटावर, पडद्याकडे पाठ. शेवटची पाच मिनिटं मात्र दारं उघडायला पडद्याशेजारीच उभे. लग्न कोणाचं झालं आणि गोळी कोणाला लागली हे त्यांना पाठ. ती माणसं मुळात होती कोण, हे नाही. तुझी आई, आमची अक्का, म्हणायची, तुम्ही दोघं मिळून एक सिनेमा बघता, आणि त्याच्याही पोटात भोक असतं.

तर दवाखान्यात तिसऱ्या दिवशी दाजी मला म्हणाले, “ऑपरेटर, सुरुवाती सांग. तेवढ्या राहून गेल्या.” (सख्ख्या मेहुण्याला नावाने हाक मारायची नाही, हुद्द्याने मारायची, हे त्यांनी पन्नास वर्षं पाळलं.) मी रोज चार ते सहा जातो आणि सुरुवाती सांगतो. आता दिसत नसलेल्या माणसाला सिनेमा सांगायचा म्हणजे, तू करून बघ, गोष्ट सांगून भागत नाही. गोष्ट अजून सुरूच झालेली नसते. सांगायचा असतो तो कॅमेरा. कॅमेरा हा घरी पहिल्यांदा आलेला पाहुणा असतो, असं माझं मत आहे. तो दारातून आत येऊन आधी काय बघतो, किती वेळ बघतो आणि कशावरून घाईघाईने नजर काढतो, यावरून घरातली माणसं उघडी पडतात. मी त्यांना ती जेवणाच्या लांब टेबलाची सुरुवात सांगितली. कॅमेरा टेबलाच्या एका टोकाला आणि सावकाश पुढे सरकतो आहे, स्वच्छ ताटं, रिकाम्या खुर्च्या, ताटं, खुर्च्या, संपतच नाही. पार दुसऱ्या टोकाला एक म्हातारा एकटा जेवतो आहे. त्याने तोंड उघडायच्या आधीच आपल्याला कळलेलं असतं की पैसा आहे आणि हाक मारली तर ओ देणारं कोणी नाही. दाजी म्हणाले, “तो शेवटी सगळं नोकराला देतो.” मला हे चाळीस वर्षांनी कळलं!

शेजारच्या खाटेवर एक शिंपी आहे, कंबरेचं हाड मोडलेला. त्याला सुरुवात आणि शेवट यांच्यात जागा मोकळी ठेवलेली बघवत नाही. “अहो, मधे काय झालं?” मी म्हणतो, मधे मी रिळं गुंडाळत होतो. दाजी म्हणतात, मी बाहेर सायकली सांभाळत होतो. मग शिंपी स्वतःच मधला भाग शिवून देतो, आणि त्याच्या प्रत्येक सिनेमात मध्यावर कोणीतरी मापं न देता निघून जातं.

खोटं कशाला सांगू, मला चेव चढला. खालून लावलेला कॅमेरा म्हणजे काय, हे दाजींना पटेना. म्हणाले, खालून बघितलं की माणूस मोठा कसा होईल, खालून तर नाकपुड्या दिसतात. मी म्हटलं, थांबा. मी त्यांच्या खाटेखाली शिरलो, पाठीवर झोपलो, डोकं शिंप्याच्या बाजूला बाहेर काढलं आणि त्याच्याकडे बघत बोलायला लागलो, की बघा, आता मला छत दिसतंय आणि छताला टेकलेला हा माणूस दिसतोय, आता हा कंबर मोडलेला शिंपी राहिला नाही, न्यायाधीश झाला. शिंपी इतका सुखावला की उठून बसायला गेला आणि ओरडला. ते ऐकून मोठ्या सिस्टर धावत आल्या, त्यांना खाटेखालून बाहेर आलेले दोन पाय दिसले, आणि त्यांनी माझीच नाडी बघायला घेतली. त्यांना हात सोडा म्हणून सांगतोय तर म्हणतात, आजोबा, बोलू नका. वर दाजी शांतपणे सांगतायत, “सिस्टर, तो मेलेला नाही, शिकवतोय.” दुसऱ्या दिवशी वरून लावलेला कॅमेरा दाखवायला मी स्टुलावर चढलो. त्याबद्दल लिहीत नाही. खांदा त्यातच गेला, आणि मला आता भेटीच्या वेळेत खुर्चीवरून उठायची मनाई आहे.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, आणि दाजींचं लघवीचं भांडं रोज थोडं कमी भरत होतं. सिस्टर ते उजेडाकडे धरून बघायच्या आणि लिहून घ्यायच्या. चेहऱ्याला सूज आली आहे, ओठ सुकलेत, पाणी मोजून चमच्याने द्यायचं. आणि गेल्या रविवारी ते म्हणाले, “आता तिच्या सिनेमाची सांग.”

खारू, आता तो गुन्हा ऐक.

त्या पहिल्या खेळाला तू येऊ शकली नाहीस, पण आम्हा दोघांना पास धाडले होतेस. दाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. थिएटर नवं, खुर्च्या पलंगाएवढ्या. दिवे मालवले, आणि शेजारची खुर्ची रिकामी! बघतो तर हे खुर्च्यांमधल्या चालत्या वाटेवर उभे, मोबाइलचा उजेड जमिनीवर धरून लोकांना जागा दाखवतायत. सवय. तिथल्या पोराने दोनदा हटकलं, तर त्यालाच म्हणाले, “उजेड डोळ्यांवर मारू नकोस, पायाशी मार.” जागेवर परत आले तोवर तुझी पहिली चार मिनिटं उलटून गेली होती. बसल्या बसल्या कानात विचारलं, काय दाखवलं सुरुवातीला? आणि मी, एकतीस वर्षांचा जाणकार, म्हणालो, बूट. चार मिनिटं तुमचे बूट, एकाचा टाका उसवलेला. तोंड एकदाही नाही. आणि मधे दोन-तीन सेकंद यांचा दिवा गेला, मशीन भिकार आहे. एवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण हात दाखवून अवलक्षण! वर अक्कल पाजळली, की ज्याचं तोंड कॅमेरा दाखवत नाही, त्याला सिनेमा माणसात धरत नाही.

मध्यंतरात ते उठून घरी गेले. संध्याकाळी तुला फोन करून काय बोलले, ते तुला ठाऊक आहे. बापाचे जोडे जगाला दाखवलेस, आता तोंड दाखवू नकोस. ते वाक्य माझ्या कारखान्यातलं होतं, त्यांनी फक्त पोहोचवलं. पाच वर्षं मी हे कोणाला बोललो नाही.

म्हणून रविवारी म्हटलं, उद्या सांगतो, नीट आठवून. आणि सोमवारी मोठ्या सिस्टरच्या हातापाया पडून त्यांचा मोबाइल मागितला, व्हरांड्याच्या बाकावर बसून तुझा सिनेमा लावला. तेव्हा पहिल्या मिनिटात दिसलं ते मला पाच वर्षांपूर्वी दिसलं नव्हतं. कॅमेरा बुटांवर नव्हताच. तो जमिनीपासून तीन फुटांवर होता. तीन फुटांवरून बूट दिसतात, पँटची शिवण दिसते, हाताची पालथी बाजू दिसते. तोंड वर कुठेतरी काळोखात असतं, कारण बॅटरी खाली धरलेली असते. तो चालत्या वाटेच्या पायरीवर बसलेल्या मुलीचा कॅमेरा होता. अक्का गेल्यावर तुला घरी ठेवणार कोणापाशी, म्हणून शाळेनंतर तू त्या पायरीवर बसायचीस, हे मला केबिनच्या भोकातून रोज दिसत होतं. (दिसत होतं म्हणजे तुझी वेणी दिसायची.) आणि तू आमच्या थिएटरची कशी एकेक गोष्ट धरली आहेस! खुर्च्यांच्या पाठीवरचे पुसलेले आकडे, फाटक्या सतरंजीला मारलेला खिळा, बॅटरीचा गोल हलतो तेवढंच जग दिसतं, पुढचं नाही. एकही शब्द कोणी बोलत नाही आणि माणूस काय कामाचा, किती थकलेला, कोणाचा बाप, सगळं कळतं.

मग तो दिवा जातो. या वेळी मी मागे वळलो नाही, कारण बाकामागे केबिन नव्हती. पाच वर्षांपूर्वी नेमक्या त्या क्षणी मी खुर्चीत पाठीमागे वळून केबिनच्या भोकाकडे बघत “दिवा बघ रे!” म्हणून ओरडत होतो. नाचता येईना, अंगण वाकडं. सोमवारी मी मोबाइल चांगल्या कानाला लावला. दिवा गेलेला नाही. बाबांनी बॅटरी विझवली आहे. अंधारात कागद चुरगळल्याचा आवाज आहे, खुर्चीखालून काहीतरी ओढून घेतल्याचा. पुन्हा बॅटरी लागते तेव्हा गणवेशाचा खिसा फुगलेला आहे. हात खाली येतो, कॅमेऱ्याच्या अगदी तोंडाशी, त्यात बिस्किटांचा अर्धा पुडा. आणि पडद्याच्या खालच्या कडेने एक लहान हात वर येतो आणि तो घेतो.

पायरीवर तुला रोज मिळायचा तो खाऊ मला आठवला. बिस्किटं, शेंगदाणे, गोळ्या; दाजी म्हणायचे, कँटीनवाला देतो, त्याचा तुझ्यावर जीव आहे. मीही ते खरं मानलं. मी त्या कँटीनवाल्याला तुझ्या वतीने एकदा धन्यवाद दिले होते आणि तो माझ्याकडे वेड्यासारखा बघत राहिला होता. लोकांनी खुर्चीखाली टाकलेलं उचलून बाप लेकीला खाऊ घालत होता, आणि लेकीला ते ठाऊक होतं.

आता सांगायचं कसं? कॅमेरा तुझा होता, हे सांगावं तर अंधारही सांगावा लागणार. मी ठरवलं, अंधार कापायचा. एकतीस वर्षांत मालकाच्या हुकमावरून पुष्कळ रिळं कापली होती. खाटेपाशी बसलो आणि सांगितलं, दाजी, माझी चूक झाली होती. कॅमेरा तीन फुटांवर आहे, तुमची लेक बघते आहे, तुम्ही पहाडासारखे दिसता, तोंड दिसत नाही कारण ते फार उंचावर आहे. मग तुम्ही तिला खाऊ देता. संपली सुरुवात. शिंप्यानेसुद्धा नाक ओढलं.

दाजींनी मान माझ्याकडे वळवली. “आणि अंधार?”



“मी वाटेतच उभा होतो रे. माझी नजर पडद्यावरच होती. ज्या दिवशी लेकीचा सिनेमा, त्या दिवशी मी लोकांच्या पायांकडे बघेन होय? तुला विचारलं ते एवढ्यासाठी, की बाकीच्यांना काय कळलं. तू बूट म्हणालास. मी म्हटलं, बरं झालं. बूट तर बूट.”

म्हणजे बघ, पाच वर्षं मी जो गुन्हा छातीवर वाहिला तो माझा नव्हताच. मला तर आडोसा म्हणून वापरलं होतं. (खरं सांगतो, जरा वाईटच वाटलं. उतारवयात माणसाजवळ सांगण्यासारखं तेवढंच होतं.) ते रागावले नव्हते, खारू. ते लाजले होते, आणि लाजलेल्या बापाला ओरडण्यावाचून दुसरं येत नाही. मग श्वास गोळा करून म्हणाले, “तिला कितव्या वर्षी कळलं असेल?” हे ते सोमवारपासून रोज विचारतायत. औषध देताना विचारतात, ग्लानीतून जागे झाले की विचारतात. पाचव्या वर्षी? आठव्या? कळल्यावरही घेत राहिली का? मला नाराज करायचं नाही म्हणून घेत राहिली का? सिस्टर समजतात, माणूस भ्रमात बोलतोय.

उत्तर तुझ्यापाशी आहे. माझ्यापाशी फक्त सुरुवात आहे.

कान बांधत जा, वेळेवर जेवत जा, उतारावर कॅमेरा घेऊन उलट्या पावलांनी चालू नकोस.

तुझा,
मामा

ता. क. : वर नीट लिहिलं गेलं नाही म्हणून पुन्हा लिहितो. ये. काम अडेल हे मान्य, पण कॅमेरा धरायला दुसरं कोणी मिळेल. खाट क्रमांक नऊ, दारातून शिरलीस की डावीकडे खिडकीची. शिंपी काहीही विचारेल, उत्तर देऊ नकोस, माप घ्यायला बसेल.

ता. क. दुसरी : आणि आलीस की एक खोटं बोल. म्हण, मला लहानपणी काही कळलंच नव्हतं, सिनेमा लिहिताना कोणीतरी सांगितलं. पुण्य लागेल. शपथ घ्यायला लावली तर माझी घे, माझं वय झालं आहे.

ता. क. तिसरी, शुक्रवार : दुसरी ता. क. खोडायची होती, पण कागद पुसायचा नाही अशी माझी जुनी शिस्त. आज हे सगळं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. दाखवायचं नव्हतं, पण हातात कागद वाजला आणि त्यांनी ओळखलं. पूर्ण ऐकलं. खोटं बोलायला सांगितलंय, तिथं फक्त हात हलवून नाही म्हणाले. मी विचारलं, मग तुमच्याकडून काय लिहू? वय विचारू? पाणी मागितलं, चमचाभर दिलं. म्हणाले, “वय राहू दे. तिला एवढं कळव, की प्रत्येक वेळी आधी मी खाऊन बघायचो.”

पुढे बोलले नाहीत. सिस्टरनी पडदा ओढून घेतला आहे आणि मला बाहेर बसवलं आहे. सामानाची गाडी पाचला सुटते, म्हणून पाकीट आत्ता चिकटवतो. ती परत फिरेल तेव्हा तिच्यातच बसून ये.